पोर्ट अडवून कोण बसलंय?

सर्व्हर सुरू करायला जावं तर तो ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून लगेच बंद पडतो: त्याला हवा तो पोर्ट, म्हणजे कनेक्शन घ्यायचा क्रमांकित दरवाजा, आधीच अडलेला असतो. या एररचा क्रमांक लिनक्सवर ९८ आणि मॅकओएस, बीएसडीवर ४८. शोधाशोध सुरू करण्याआधी क्रमांक नीट वाचा, कारण तिचे दोन भाऊबंद घाईत तसेच दिसतात. १३ म्हणजे परवानगी नाही. बहुतेकदा साध्या यूजरने १०२४ च्या खालचा पोर्ट मागितलेला असतो. लिनक्सवर ९९ म्हणजे तुम्ही दिलेला आयपी ॲड्रेस या मशीनवर नाहीच. या दोन्हींत पोर्ट कोणी अडवलेला नसतो, त्यामुळे कोणाला मारूनही काही साधत नाही.

एररचा क्रमांक ९८ किंवा ४८ च असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. पोर्ट प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, मालकीचा नसतो. पोर्ट सॉकेटला (कनेक्शनच्या टोकाला) बांधलेला असतो, सॉकेट कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) राहतं, आणि प्रोसेसकडे असतो तो फक्त त्या सॉकेटचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे ते वापरायचा क्रमांक. त्यामुळे एकाच सॉकेटचे डिस्क्रिप्टर दहा प्रोसेसकडे असू शकतात, किंवा एकीकडेही नसू शकतात. पोर्ट शोधणारी टूल्स जी चमत्कारिक उत्तरं देतात, त्यातली बरीचशी या एका गोष्टीवरून उलगडतात.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. अक्षर कॅपिटल हवं असेल तिथे तसं म्हटलंय, बाकी सगळी लहान लिपीतली.

लिनक्सवर सुरुवात सॉकेट्सची यादी देणाऱ्या एसएस पासून करावी (सुडो म्हणजे कमांड रूटच्या, सर्वाधिकारी यूजरच्या, हक्काने चालवणं):

सुडो एसएस -एलटीएनपी

एल म्हणजे फक्त लिसन करणारी सॉकेट्स, टी म्हणजे टीसीपी, एन म्हणजे पोर्टची नावं न करता आकडे दाखव, पी म्हणजे प्रोसेस दाखव. एकच पोर्ट हवा असेल तर ग्रेप (मजकुरात शोधणारी कमांड) लावण्यापेक्षा एसएसचा स्वतःचा फिल्टर वापरा:

सुडो एसएस -एलटीएनपी 'एसपोर्ट = :८०८०'

बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा आणि सगळं अवतरणात ठेवा. ग्रेपने ८० शोधलात तर ८०८० सापडेल, ८००० सापडेल, ज्या प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ११८० आहे तीही सापडेल. ग्रेपच वापरायचं असेल तर ‘:८०’ आणि पुढे एक स्पेस एवढं तरी द्या.

उत्तर साधारण असं येतं:

लिसन ० ५११ *:८०८० *:* यूजर्स:(("नोड",पीआयडी=४१२७,एफडी=१८))

शेवटच्या कंसात सगळ्यांची नजर जाते, पण ओळीतला बाकीचा मजकूरही कामाचा आहे. लिसन करणाऱ्या सॉकेटसाठी पहिला आकडा म्हणजे आत्ता रांगेत उभी असलेली, प्रोग्रॅमने अजून न उचललेली कनेक्शन्स. दुसरा आकडा म्हणजे त्या रांगेची मर्यादा. पहिला आकडा शून्यावरून चढत चाललेला दिसला तर पोर्ट उघडा आहे, पण आतला प्रोग्रॅम अडकलाय. ‘पोर्ट चालू दिसतो तरी पान उघडत नाही’ या तक्रारीचा निकाल पुष्कळदा या एका आकड्यात लागतो. पुढचा तारा म्हणजे हे आयपीव्ही६ चं सॉकेट आहे आणि ते आयपीव्ही४ ची कनेक्शन्सही घेतं. म्हणून एसएसला ४ चा फ्लॅग देऊन शोधलंत तर ही ओळ गायब होते आणि पोर्ट रिकामा असल्याचा भास होतो. शोधताना ४ आणि ६ चे फ्लॅग देऊच नका.

सुडो का? पोर्टांची यादी कोणालाही दिसते, पण दुसऱ्याच्या प्रोसेसचे डिस्क्रिप्टर वाचायला रूट लागतो. सुडोशिवाय कमांड दिली तर एसएस कुरकुर करत नाही. कंसाचा भाग नुसता कोरा सोडतो. जुना नेटस्टॅट निदान एक रेघ छापतो. सुडो मिळणारच नसेल तर एसएसला ई हा फ्लॅग जोडा. त्याने सॉकेटचा यूआयडी (यूजरचा क्रमांक) दिसतो, म्हणजे प्रोसेस नाही तरी कोणत्या यूजरकडे चौकशी करायची एवढं कळतं. यूआयडी छापलाच गेला नाही तर ते सॉकेट रूटचं समजा, कारण शून्य असेल तर एसएस तो छापत नाही.

नेटस्टॅटही -टीएलएनपी घेऊन हीच माहिती देतो, पण तो नेट-टूल्स या पॅकेजात येतो आणि अनेक नव्या डिस्ट्रोंमध्ये हे पॅकेज मुळात बसवलेलं नसतं. आणखी एक खोड: मॅकओएस आणि बीएसडीच्या नेटस्टॅटमध्ये पी चा अर्थ प्रोटोकॉल असा आहे, प्रोसेस नव्हे. लिनक्सवरची कमांड तिथे चिकटवली की जे येतं ते भलतंच.

मॅकवर म्हणून एलएसओएफ:

सुडो एलएसओएफ -एन -पी -आयटीसीपी:८०८० -एसटीसीपी:लिसन

इथे पी कॅपिटल हवा. लहान पी दिला तर एलएसओएफ पुढे पीआयडीची वाट बघतो. आय, एस आणि एन लहान, टीसीपी आणि लिसन कॅपिटलमध्ये. एन नसेल तर एलएसओएफ प्रत्येक आयपीचं नाव डीएनएसला विचारत बसतो, आणि डीएनएस बिघडलेल्या मशीनवर ही कमांड टांगून राहिल्यासारखी वाटते. कॅपिटल पी नसेल तर ३००० च्या जागी ‘एचबीसीआय’, ५००० च्या जागी ‘कॉमप्लेक्स-मेन’ अशी कधी न ऐकलेली नावं येतात. हा व्हायरस वगैरे नाही. सर्व्हिसेस नावाच्या फाइलीत त्या आकड्यापुढे ते नाव नोंदलेलं आहे, इतकंच.

या कमांडचा शेवटचा तुकडा, एसटीसीपी:लिसन, सर्रास गाळला जातो आणि नुकसान तिथेच होतं. एलएसओएफला नुसतं आय आणि :८०८० दिलं तर ज्या ज्या कनेक्शनच्या कुठल्याही टोकाला ८०८० आहे ती सगळी येतात. म्हणजे ऐकणारा सर्व्हर आणि त्याला जोडलेला तुमचा ब्राउझरही. आता याच कमांडला टी जोडून फक्त पीआयडी काढायचे आणि ते थेट किल -९ ला (प्रोसेस जागच्या जागी मारणाऱ्या कमांडला) द्यायचे, ही ओळ इंटरनेटवर जिथे तिथे सापडते. ८०८० वर तिने फार तर ब्राउझरची एखादी प्रोसेस जाईल. ५४३२ वर, म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पोर्टवर, चालवलीत तर पोस्टग्रेसबरोबर त्याला जोडलेला त्या मशीनवरचा प्रत्येक ॲप्लिकेशनही जाईल, आणि तोही कुठलीच आवराआवर न करता. लिसनची अट घातल्याशिवाय ही ओळ वापरू नये.

एलएसओएफचा दुसरा विचित्रपणा म्हणजे तो अटी ‘किंवा’ने जोडतो. पी आणि पीआयडी देऊन पुढे आय दिलं तर ‘या प्रोसेसची नेटवर्क सॉकेट्स’ मिळत नाहीत. त्या प्रोसेसच्या सगळ्या फाइली अधिक सगळ्या प्रोसेसची नेटवर्क सॉकेट्स मिळतात. ‘आणि’ हवं असेल तर ए हा फ्लॅग टाकावा लागतो. (वर लिसनची अट ए शिवाय चालते, कारण एस हा फ्लॅग आयच्या यादीलाच चाळणी लावतो.) प्रोसेसचं नावही तो नऊ अक्षरांवर कापतो. पूर्ण नाव हवं तर +सी ० द्या.

मॅकवर ५००० किंवा ७००० पोर्ट अडलेला दिसला आणि नाव ‘कंट्रोलसीई’ असं कापलेलं आलं, तर ते कंट्रोल सेंटर आहे. मॅकओएस १२ पासून एअरप्ले रिसीव्हर हे दोन पोर्ट घेतो, आणि फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचा ठरीव पोर्ट नेमका ५०००. ती प्रोसेस मारून उपयोग नाही, लगेच परत येते. सेटिंग्जमध्ये एअरप्ले रिसीव्हर बंद करा, नाहीतर फ्लास्कला दुसरा पोर्ट द्या. दुसरा उपाय सोपा.

फ्रीबीएसडीवर सॉकस्टॅट -४ -६ -एल -पी ८०८०. स्वच्छ आउटपुट, तक्रारीला जागा नाही. लिनक्सवरचं फ्यूझर -व्ही ८०८०/टीसीपी हेही छोटेखानी आणि झटपट आहे, मात्र त्याला के लावलं तर ते सरळ सिगकिल (किल -९ चाच सिग्नल) पाठवतं. मॅकवरच्या फ्यूझरला पोर्ट कळत नाही. सोलारिसवर पारंपरिक रस्ता म्हणजे प्रत्येक पीआयडीवर पीफाइल्स चालवून पोर्ट शोधणं. पीफाइल्स ती प्रोसेस क्षणभर थांबवतं, तेव्हा भर कामाच्या वेळी डेटाबेसवर हे करू नका. एआयएक्सवर नेटस्टॅट -एएएन (पहिला ए कॅपिटल) देऊन पहिल्या रकान्यातला पत्ता घ्यायचा आणि आरएमसॉक, तो पत्ता, टीसीपीसीबी अशी कमांड द्यायची. नाव ऐकून धडकी भरते. सॉकेट एखाद्या प्रोसेसकडे असेल तर आरएमसॉक ते काढत नाही, कोणाकडे आहे ते सांगतं. मात्र कोणाचंच नसेल तर खरोखर काढून टाकतं.

आणि जिथे यातलं एकही टूल नाही, उदाहरणार्थ सगळं खरवडून काढलेल्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमसाठी मशीनमध्येच वेगळ्या केलेल्या कप्प्यात)? लिनक्स असेल तर कॅट पुरतं. /प्रॉक/नेट/टीसीपी ही फाइल उघडा. ८०८० हेक्समध्ये १एफ९०, म्हणून ‘:१एफ९०’ शोधा. त्याआधी आयपी असतो, तोही हेक्समध्ये आणि इंटेलसारख्या प्रोसेसरवर उलट्या क्रमाने: १२७.०.०.१ तिथे ०१००००७एफ असा दिसतो. स्थितीच्या रकान्यात ०ए असेल तर सॉकेट लिसन करतंय. त्याच ओळीत पुढे आयनोडचा, म्हणजे त्या सॉकेटच्या ओळख क्रमांकाचा, आकडा आहे. समजा तो ५८२१३. आता /प्रॉक मधल्या प्रत्येक पीआयडीच्या एफडी फोल्डरमध्ये ‘सॉकेट:[५८२१३]’ कडे बोट दाखवणारी लिंक शोधायची. जिथे सापडेल ती तुमची प्रोसेस. आयपीव्ही६ साठी टीसीपी६ ही वेगळी फाइल आहे, ती विसरू नका. वरच्या उदाहरणातलं ताऱ्याचं सॉकेट तिथेच असेल. एसएस यादी नेटलिंक या मार्गाने थेट कर्नलकडून घेतो, नेटस्टॅट याच फाइली वाचतो, पण पीआयडी जुळवण्यासाठी शेवटी दोघंही ही एफडी फोल्डर्सच चाळतात.

आता अवघड भाग: रूट म्हणून शोधलं, फ्लॅग बरोबर दिले, तरी प्रोसेस दिसत नाही.

पहिला संशय टाइम-वेट. कनेक्शन ज्याने आधी बंद केलं त्याच्याकडे ते लिनक्सवर ६० सेकंद या स्थितीत रेंगाळतं. प्रोसेस मेलेली असते, डिस्क्रिप्टर कोणाकडेच नसतो, सॉकेटचा अवशेष मात्र कर्नलमध्ये असतो. एसएस -टीएएन स्टेट टाइम-वेट दिलं की दिसतं. इथे मारायला कोणी नाहीच. मिनिटभर थांबा, आणि सर्व्हर तुमचा असेल तर बाइंड करण्याआधी (पोर्ट बांधण्याआधी) सॉकेटला एसओ_रीयूजॲडर हा पर्याय लावा. टीसीपी_फिन_टाइमआउट कमी करा असा सल्ला बराच फिरतो; त्याचा टाइम-वेटशी संबंध नाही, तो फिन-वेट-२ या वेगळ्या स्थितीसाठी आहे.

दुसरी शक्यता जास्त फसवी. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला तात्पुरता पोर्ट देतो तो मुळात ३२७६८ ते ६०९९९ यांतून. तुमची सर्व्हिस ५००५१ वर असेल (जीआरपीसी या सर्व्हिसेस जोडणाऱ्या फ्रेमवर्कच्या उदाहरणांमुळे हा आकडा सगळीकडे आहे) तर ती रीस्टार्ट होण्याच्या फटीत तो पोर्ट एखाद्या डेटाबेस कनेक्शनला मिळू शकतो. मग सर्व्हिस उठत नाही, आणि एल फ्लॅग लावून शोधलं तर कोणी ऐकताना दिसत नाही. कारण तिथे कोणी ऐकतच नाहीये, तिथून कोणीतरी बोलतंय. एल काढून ए लावा, म्हणजे -टीएएनपी, की गुन्हेगार दिसेल. महिन्यातून एखादवेळी, कारण न देता होणारा बिघाड बरेचदा हाच. कायमचा बंदोबस्त म्हणजे नेट.आयपीव्ही४.आयपी_लोकल_रिझर्व्ड_पोर्ट्स या सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) तो आकडा घालणं, किंवा सर्व्हिस ३२७६८ च्या खाली आणणं.

मग कंटेनर. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरने प्रकाशित केलेल्या पोर्टवर यजमान मशीनवर ‘डॉकर-प्रॉक्सी’ दिसतो. ती खरी प्रोसेस नव्हे. तिला मारून कंटेनर थांबत नाही. डॉकर पीएस --फिल्टर पब्लिश=८०८० ने कंटेनर शोधा आणि तो थांबवा. डॉकरची यूजरलँड प्रॉक्सी बंद ठेवलेली असेल तर डॉकर-प्रॉक्सी दिसत नाही, पोर्ट फायरवॉलच्या नियमांनी वळवलेला असतो. कंटेनरच्या आतली सॉकेट्स वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) असतात आणि एसएस फक्त स्वतःची नेमस्पेस बघतो. एलएसएनएस -टी नेट ने नेमस्पेसची यादी घ्या आणि त्यातला एक पीआयडी धरून आत शिरा:

सुडो एनएसएंटर -टी ४१२७ -एन एसएस -एलटीएनपी

यात फक्त नेटवर्क बदलतं, फाइल सिस्टीम बाहेरचीच राहते. त्यामुळे एसएस कंटेनरमध्ये नसला तरी चालतो आणि पीआयडीही बाहेरचेच दिसतात.

काही पोर्ट तर प्रोसेसचे नसतातच. एनएफएस सर्व्हरचा २०४९ आणि वायरगार्डचा ५१८२० कर्नलने स्वतः उघडलेला असतो; रूट असलात तरी प्रोसेसचा रकाना रिकामाच. एनएफएसच्या बाबतीत आरपीसीइन्फो -पी ने खात्री होते, वायरगार्डसाठी डब्ल्यूजी शो. यूडीपीबद्दल एवढंच, की त्यात लिसन ही स्थिती नसते. एसएसला टी ऐवजी यू द्या, ओळ ‘अनकॉन’ म्हणून येईल. डीएनएस सर्व्हर बसवताना ५३ अडलेला दिसला तर बहुधा सिस्टीमडी-रिझॉल्व्ड १२७.०.०.५३ वर बसलेला असतो.

एररच न येणारा प्रकार याहून त्रासदायक. लिनक्स ३.९ पासून दोन प्रोसेस एसओ_रीयूजपोर्ट लावून एकच पोर्ट घेऊ शकतात, यूजर एक असला की झालं. जुनी आवृत्ती मेलीच नाही आणि नवी सुरू झाली तर कर्नल कनेक्शन्स दोघींत वाटतो. काही उत्तरं जुन्या कोडची, काही नव्या. एसएसमध्ये त्याच पोर्टच्या दोन ओळी दिसतील. एकाच ओळीत अनेक पीआयडी असतील तर प्रकरण वेगळं: ते एकच सॉकेट आहे, फोर्क होताना, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढताना, मुलांकडे गेलेलं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे मास्टर आणि वर्कर असेच दिसतात, त्यात काही गैर नाही. तसंच एक सर्व्हर १२७.०.०.१ वर आणि दुसरा ::१ वर, दोघंही ८०८० घेऊन सुखाने नांदू शकतात, आणि ‘लोकलहोस्ट’ कोणाकडे जाईल ते क्लायंटवर ठरतं.

पीआयडी हाती आला तरी लगेच किल टाइप करू नका. ‘जावा’ किंवा ‘पायथन३’ या नावावरून काय कळणार?

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,यूजर,एलस्टार्ट,आर्ग्स -पी ४१२७

ही प्रोसेस केव्हा सुरू झाली, कोणत्या आर्ग्युमेंटसह, कोणी जन्माला घातली ते यातून कळतं. लिनक्सवर रीडलिंक /प्रॉक/४१२७/सीडब्ल्यूडी ने ती कोणत्या फोल्डरमधून चाललीय ते दिसतं. मॅकवर तेच एलएसओएफ -ए -पी ४१२७ -डी सीडब्ल्यूडी ने. सिस्टीमडी (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा व्यवस्थापक) असेल तर सिस्टीमसीटीएल स्टेटस ४१२७. याला सर्व्हिसच्या नावाऐवजी पीआयडी चालतो हे फारसं कोणी वापरत नाही, पण ती प्रोसेस कुठल्या युनिटची (सिस्टीमडी सांभाळत असलेल्या सर्व्हिसची) आहे ते एका ओळीत सांगतं. युनिट सापडलं तर प्रोसेस मारू नका, युनिट थांबवा; रीस्टार्ट=ऑल्वेज लिहिलेलं असेल तर मारलेली प्रोसेस काही क्षणांत नवा पीआयडी घेऊन हजर होते.

पीआयडी १ आला तर घाबरू नका आणि त्याला हात लावू नका. सॉकेट सिस्टीमडीने स्वतः उघडून ठेवलंय, पहिलं कनेक्शन आलं की सर्व्हिस उठवायची म्हणून. उबुंटू २२.१० पासून एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करण्याची सेवा) असंच चालतं, म्हणून एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलूनही जुनाच उघडा राहिला की आधी एसएसएच.सॉकेट तपासा. सिस्टीमसीटीएल लिस्ट-सॉकेट्सने अशी सगळी सॉकेट्स दिसतात. थांबवायचं ते .सॉकेट युनिट, नुसती .सर्व्हिस थांबवून पोर्ट सुटत नाही.

युनिट नसेल तर साधा किल, म्हणजे सिगटर्म, आणि पाच-दहा सेकंद सबुरी. ऐकत नसेल तर पीएसला स्टॅट हा रकाना मागा. तिथे टी दिसला तर कोणीतरी कंट्रोल-झेड दाबून ती प्रोसेस गोठवून ठेवलीय. दुसऱ्या टर्मिनलमधून पाठवलेला सिगटर्म ती पुन्हा चालू होईपर्यंत तसाच पडून राहतो. तिला किल -कॉन्ट द्या, दोन्ही सिग्नल एकदम लागू पडतील. किल -९ हा शेवटचा उपाय, कारण त्यात लॉक फाइल, अर्धवट लिहिलेला डेटा, काहीच आवरलं जात नाही. आणि एसएसचा कॅपिटल के गंमत म्हणून वापरू नका: तो प्रोसेस मारत नाही, फिल्टरमध्ये बसणारी सॉकेट्स जबरदस्तीने बंद करतो, आणि फिल्टर द्यायला विसरलात तर सगळीच. ज्या एसएसएच कनेक्शनवरून तुम्ही हे टाइप करताय, तेही त्यात आलं.